लहान मोटारींचा जीर्णोद्धार

या व्याख्यानाचा विषय प्रथमदर्शनी पोरकट वाटण्याचा संभव आहे. वीतभर लांबीची प्लास्टिकची मोटार, तीही सुट्या भागांच्या रूपाने खोक्यात मिळणारी आणि घरी बसून चिकटवलेली. तिच्या जोडणीचा, डागडुजीचा आणि संग्रहाचा विचार प्रौढ माणसांनी गांभीर्याने का करावा, असा प्रश्न श्रोत्यांच्या मनात उद्भवणे स्वाभाविक होय. त्याला तात्त्विक उत्तर देत बसण्यापेक्षा एका मोटारीची हकीकत सांगणे अधिक सोयीचे ठरेल.

अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीने १९६३ साली एक धाडसी प्रयोग आरंभला. विमानाच्या इंजिनाप्रमाणे तप्त वायूच्या झोतावर फिरणारे टर्बाइन बसवलेल्या ५० मोटारी तिने तयार करविल्या आणि १९६६ च्या आरंभापर्यंत त्या २०३ सामान्य चालकांना, प्रत्येकी सुमारे तीन महिने, विनामूल्य वापरावयास दिल्या. या मोटारींच्या बॉड्या इटलीतील तुरिन येथे घिया या प्रसिद्ध कारखान्यात घडविलेल्या होत्या आणि त्यांचा ब्राँझसारखा तांबूस रंग रस्त्यावर दुरूनही ओळखू येत असे. आधीचे पाच नमुने धरून अशा एकंदर ५५ मोटारी निर्माण झाल्या. प्रयोग आटोपल्यावर कंपनीने त्यांपैकी ४६ नष्ट करविल्या. उरलेल्या ९ संग्रहालयांत व मोजक्या संग्राहकांकडे आहेत. परंतु डेट्रॉइट येथील जो-हान या लहानशा कंपनीने याच मोटारीची एक-पंचविसांश आकाराची प्लास्टिकची प्रतिकृती काढली होती. तिच्यात टर्बाइन इंजिनही होते, आणि बॉनेटखालच्या त्या यंत्राची रचना मुलांनी आपल्या हातांनी जुळवून पाहिली. मूळ मोटारी भंगारात गेल्या; प्रतिकृती कित्येक घरांच्या फडताळांत राहिल्या. ज्यांना त्या नऊ गाड्यांपर्यंत पोहोचता येत नाही, त्यांना त्या मोटारीची घडण चारी अंगांनी न्याहाळावयाची असेल तर आज हे खेळणेच हाती घ्यावे लागते.

एक-पंचविसांश म्हणजे किती, हे भारतीयांच्या परिचयाच्या गाडीवरून सांगता येईल. उत्तरपाड्याच्या कारखान्यात २०१४ पर्यंत बनत असलेली ॲम्बॅसेडर ४ मीटर ३२ सेंटिमीटरांच्या आसपास लांब होती. या प्रमाणात तिची प्रतिकृती १७ सेंटिमीटरांहून किंचित मोठी होईल. दुसरे प्रचलित प्रमाण एक-चोविसांशाचे. ते फुटाला अर्धा इंच या सोप्या हिशेबातून आले आहे. दोहोंतील अंतर ॲम्बॅसेडरच्या लांबीत अवघे ७ मिलिमीटर पडेल. सामान्य माणसाला ते जाणवणारही नाही. मात्र दोन प्रमाणांच्या गाड्या एका फळीवर शेजारी ठेवल्या, तर मुरलेल्या छंदिष्टाला त्या रात्री झोप लागणे कठीण.

या प्रतिकृतींचा जन्म मोटारविक्रेत्यांच्या पेढीवर झाला. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकेत दरवर्षी शरद ऋतूत गाड्यांचे नवे रूप बाजारात येई. आदल्या वर्षीची गाडी जुनी दिसावी, हाच त्या बदलामागील व्यापारी हेतू असे. अशा वेळी विक्रेते ग्राहकाला नव्या गाडीची लहान प्रतिकृती भेट देत किंवा अल्प किमतीला विकत. तिचा रंगदेखील कारखान्याच्या त्या वर्षीच्या रंगपट्टीतला असे. वडील किमतीची घासाघीस करीत असता मुलगा तीच गाडी टेबलाच्या कडेने फिरवीत बसे, आणि पुष्कळदा घरचा पुढचा निर्णय तेथेच होऊन जाई. या व्यवसायातील अग्रगण्य कंपनी १९४८ साली वेस्ट गॅलोगली या वकिलाने स्थापन केली. तिची पहिली प्रतिकृती ॲल्युमिनियमची होती, म्हणून कंपनीचे नाव 'ॲल्युमिनियम मॉडेल टॉइज' असे पडले. लवकरच ॲल्युमिनियमची जागा प्लास्टिकने घेतली. धातू गेला तरी त्याचे आद्याक्षर ए. एम. टी. या नावात अखेरपर्यंत राहिले. गाडी बाजारात येण्याच्या दिवशीच तिची प्रतिकृती तयार हवी, यासाठी मोटार कंपन्यांना आपले आराखडे या लहान कारखानदारांना कित्येक महिने आधी गुप्तपणे सोपवावे लागत. प्रतिस्पर्ध्यापासून जे लपवावयाचे, ते खेळणे बनवणाऱ्याला दाखवावयाचे, असा तो विलक्षण विश्वासाचा व्यवहार होता.

मोटारींचे सुट्या भागांचे संच, म्हणजे ज्यांना सर्वत्र 'किट' म्हणतात ते, याआधीही होते. कॅलिफोर्नियातील रेव्हेल कंपनीने १९५० च्या दशकाच्या आरंभी जुन्या काळच्या मोटारींची एक मालिकाच काढली होती. इंग्लंडात एअरफिक्सची बेंटली १९५६ साली आली. परंतु ए. एम. टी.ने १९५८ मध्ये जे केले त्याने या छंदाला त्याचे खरे रूप मिळाले. तिने त्याच वर्षीच्या गाड्यांचे संच विक्रीस काढले, आणि एका खोक्यात तीन गाड्यांची शक्यता भरली. कारखान्यातून निघते तशी गाडी, हौशी मालकाने सजविलेली गाडी, किंवा शर्यतीची गाडी, यांपैकी कोणतीही एक त्या भागांतून जोडता येई. किंमत सुमारे दीड डॉलर असे. मुलगा तीनही चित्रांकडे बराच वेळ पाहत बसे, आणि शेवटी एक निवडी. गोंद लावल्यावर उरलेल्या दोन गाड्या कायमच्या संपत. त्यांचे न वापरलेले बंपर आणि चाकांच्या तबकड्या खोक्याच्या तळाशी पडून राहत. आज जीर्णोद्धार करणाराला याच उरलेल्या भागांची डबी सोन्याच्या मोलाची वाटते.

आता साच्यांविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे, कारण संग्रहाचे सारे शास्त्र त्यांच्यावर उभे आहे. तापवून पातळ केलेले पॉलिस्टायरीन प्रचंड दाबाने पोलादी साच्यात दाबले जाते. ते थंड होऊन घट्ट झाले की साचा उघडतो आणि फांदीला चिंचा लगडाव्या तसे एका दांड्याला लगडलेले भाग बाहेर पडतात. बॉडीचा साचा विशेष अवघड, कारण छत, बाजू आणि दोन्ही टोके एकसंध निघावी म्हणून त्याचे भाग निरनिराळ्या दिशांना सरकावे लागतात. असा साचा अतिशय महाग पडे. दरवर्षी नवा करणे परवडत नसे. म्हणून पुष्कळदा जुनाच साचा खोदून, भरून, घासून पुढील वर्षाच्या गाडीसाठी वापरला जाई. याचा अर्थ असा, की १९६१ च्या साच्यातून १९६२ ची गाडी निघू लागली त्या दिवशी १९६१ ची गाडी कायमची नाहीशी झाली. जितके नग त्या वर्षी निघाले तितकेच. काही साच्यांच्या कपाळी याहूनही वाईट लिहिलेले होते. शर्यतीची रुंद चाके बसावीत म्हणून चाकांवरील कमानी साच्यातच कापण्यात आल्या, आणि साधी, घरगुती गाडी त्यातून पुन्हा निघण्याची आशा मावळली.

जोडणीची कृती येथे विस्ताराने सांगण्याचे कारण नाही. साच्याचे भाग जेथे मिळतात तेथे बॉडीवर केसासारखी रेघ उमटते. ती वॉटर पेपरने घासून काढणे, फटी लांबीने भरणे, अस्तराचा हात देऊन मग रंग देणे, हे सारे गॅरेजमधील डेंटिंग-पेंटिंगच्या कामाहून तत्त्वतः वेगळे नाही. एक गोष्ट मात्र नीट ध्यानी घेतली पाहिजे. ज्याला गोंद म्हटले जाते, तो वस्तुतः गोंद नव्हे. टोल्युइनसारखे द्रव्य प्लास्टिकच्या दोन्ही कडा विरघळविते आणि त्या एकमेकींत मिसळून पुन्हा घट्ट होतात. हे एक प्रकारचे वेल्डिंगच होय. त्यामुळे सांधा बळकट होतो. पण चुकून बोटाला लागलेला गोंद बॉनेटवर टेकला, तर बोटाचा ठसा प्लास्टिकमध्ये मेणावर उमटावा तसा उमटतो आणि तेथेच राहतो. १९६० च्या दशकात काही मुले या गोंदाची वाफ नशेसाठी हुंगू लागली, तेव्हा टेस्टर या कंपनीने दशकाच्या अखेरीस त्यात मोहरीतील झोंबरे द्रव्य घातले. मोहरीची फोडणी अंगावर आलेल्या कोणालाही त्या उपायाचे मर्म सांगावे लागणार नाही.

पुढे या छंदाला ओहोटी लागली. विजेच्या रुळांवर धावणाऱ्या लहान मोटारींनी मुलांना ओढून नेले, १९७३ च्या तेलसंकटाने प्लास्टिक महाग झाले, आणि स्वतः मोटारींचेही वर्षागणिक रूप पालटणे मंदावले. ए. एम. टी. १९७८ साली इंग्लंडच्या लेस्नी कंपनीकडे गेली, लेस्नी १९८२ साली बुडाल्यावर अर्टल कंपनीच्या हाती आली. रेव्हेल आणि मोनोग्राम या जुन्या प्रतिस्पर्धी कंपन्या १९८६ मध्ये एक झाल्या. साचे या गावाहून त्या गावी गेले. काही हरवले, काही गंजले. दरम्यान जपानमधील शिझुओका येथील तामिया कंपनीने याच वस्तूला निराळी दिशा दिली. लाकूडकामापासून आरंभ केलेल्या या कंपनीने पोर्श गाडीची एक-द्वादशांश प्रतिकृती करण्यासाठी खरी पोर्श ९११ विकत घेतली आणि ती पूर्ण सोडवून भागन् भाग मोजला; १९७६ साली निघालेली ती प्रतिकृती तिच्या काटेकोरपणासाठी नावाजली गेली. तिच्यासमोर डेट्रॉइटच्या जुन्या संचांतील इंजिने ठोकळेबाज वाटतात, हे मान्य केले पाहिजे. पण अमेरिकन संचांत त्या त्या वर्षाचा, त्या त्या महिन्याचा म्हणावा असा जो ताजेपणा आहे, तो मागाहून मोजमापे घेऊन केलेल्या उत्तमोत्तम प्रतिकृतीतही येत नाही.

१९६० च्या दशकातील मुले मोठी झाली, हातात पैसा आला, आणि हरवलेल्या गाड्यांचा शोध सुरू झाला. येथूनच संग्रहाचे युग आणि त्याबरोबर एक चमत्कारिक मूल्यव्यवस्था जन्माला आली. जो संच कोणी जोडलाच नाही, त्याला सर्वाधिक किंमत. त्यातही ज्याच्या खोक्यावरील पारदर्शक वेष्टन अभंग आहे, तो सर्वश्रेष्ठ. जोडण्यासाठीच निर्माण झालेली वस्तू न जोडता राहिली म्हणून मौल्यवान ठरावी, हा विरोधाभास संग्राहकांच्या नजरेतून सुटलेला नाही; तथापि बाजार त्यामुळे बदलत नाही. अशा खोक्याचा मालक ते उघडू शकत नाही, कारण उघडताच किंमत उतरते. आत काय आहे याविषयी त्याला खोक्यावरील चित्रावर विश्वास ठेवावा लागतो. आणि वेष्टन तर पुन्हाही चढवता येते. ही लबाडी करणारे लोक या क्षेत्रातही निपजले आहेत.

परंतु लबाडीहून मोठा धोका रसायनशास्त्राचा आहे. संचातील टायर मऊ असतात. ते मऊ राहावेत म्हणून त्यांच्या प्लास्टिकमध्ये, म्हणजे पीव्हीसीमध्ये, एक तेलकट द्रव्य मिसळलेले असते. हे द्रव्य वर्षानुवर्षे हळूहळू बाहेर झिरपत राहते. टायर जेथे पॉलिस्टायरीनला टेकलेला असेल तेथे ते पॉलिस्टायरीनला मऊ करून खाते. खोक्यातील भाग प्रवासात इकडचे तिकडे सरकतात. एखादा टायर बॉडीच्या छतावर किंवा समोरच्या काचेवर विसावतो. आणि पन्नास-साठ वर्षांनी खोके उघडले असता तेथे टायरच्या नक्षीसह अर्धचंद्राकृती खळगा दिसतो. ज्याने वेष्टन जपले त्याने, स्वतःच्या नकळत, हा खळगाही जपलेला असतो. विक्रेत्यांनी वाटलेल्या सर्वांत जुन्या प्रतिकृतींची व्यथा आणखी वेगळी. त्या पॉलिस्टायरीनच्या नसून सेल्युलोज ॲसिटेटच्या असत. ते द्रव्य काळाबरोबर आकसते. बॉनेट उंटाच्या पाठीसारखे वर येते, टोके खाली झुकतात, आणि तीत बसवलेली धातूची तळपट्टी मात्र आकसत नसल्याने सारी गाडी धनुष्यासारखी ताणली जाते. यावर खात्रीचा इलाज नाही. १९६० च्या आसपास कारखानदारांनी ॲसिटेट सोडून पॉलिस्टायरीन स्वीकारले, तेव्हा कोठे या रोगाला आळा बसला.

सारांश असा, की बंद खोक्याला जपणूक समजणे ही चूक होय. म्हणूनच या क्षेत्रातील खरे जाणकार संग्राहकापेक्षा जीर्णोद्धारकाला अधिक मान देतात, आणि तो योग्यच आहे.

जीर्णोद्धारकाच्या हाती येते ते बहुधा दहा-बारा वर्षांच्या मुलाने जोडलेले एखादे दीनवाणे वाहन. अमेरिकन छंदिष्ट त्याला थट्टेने 'गोंदाचा बॉम्ब' म्हणतात. अशी एक १९६२ ची थंडरबर्ड डोळ्यांसमोर आणावी. काचेवर गोंदाचे डाग आहेत, कुंचल्याने फासलेला लाल रंग दारांच्या रेघांत साचून त्या बुजल्या आहेत, पुढचा बंपर तिरपा आहे, एक चाक नाही, आणि मागील बाजूस फटाका लावल्याची काळी खूण आहे. हिची किंमत बाजारात जवळजवळ शून्य. पण आतील बॉडी त्याच साच्यातून निघालेली आहे, ज्या साच्यातून दुसरी आता निघणार नाही.

पहिला नियम घाई न करण्याचा. गाडी चोहोबाजूंनी पाहून, छायाचित्रे घेऊन, कोठे किती गोंद आहे याची टिपणी करावी. जुना नळीतील गोंद वाळल्यावर ठिसूळ होतो, आणि थंडीत अधिकच. म्हणून गाडी काही तास शीतपेटीच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवतात आणि मग सांध्यावर बोटांनी अलगद पीळ देतात. कट् असा बारीक आवाज होऊन सांधा सुटला, तर ते दिवसाचे भाग्य. जेथे प्लास्टिक खरोखर एकजीव झाले आहे तेथे हा उपाय चालत नाही. तेथे पातळ करवतीने किंवा पात्याने कणाकणाने वाट काढावी लागते. समोरची काच सर्वांत शेवटी, कारण ती तडकली तर पर्याय मिळणे दुरापास्त.

नंतर रंग उतरविणे. अमेरिकेत पूर्वी ब्रेक ऑइलमध्ये बॉडी बुडवून ठेवण्याची पद्धत होती. त्याने रंग सुटतो खरा, पण ते विषारी आहे आणि काही प्लास्टिके त्याने ठिसूळ होतात. कॉस्टिक सोड्याचे द्रावण पॉलिस्टायरीनला इजा करीत नाही, कातडीला मात्र करते. त्यामुळे हातमोजे आणि चष्मा यांवाचून त्याच्या जवळ जाऊ नये. काही रंग आयसोप्रोपिल अल्कोहोलनेही निघतात. कोणतेही द्रव्य असो, आधी तळाच्या न दिसणाऱ्या भागावर एक थेंब टाकून पाहावे. थिनर किंवा ॲसिटोन चुकूनही वापरू नये. रंगासोबत गाडीही विरघळेल. बॉडी ॲसिटेटची असल्याचा संशय असेल तर यांपैकी कशालाच हात न लावणे बरे. रंग उतरण्याचा क्षण हा या कामातील सर्वांत सुखाचा. दाढीच्या जुन्या ब्रशने घासता घासता दाराची मूठ दिसू लागते, मग बाजूची नक्षी, मग मागील टोकावर साच्यात खोदलेली मोटारीच्या नावाची तांदळाच्या कण्याएवढी अक्षरे. शेंदराची पुटे गळून खालचा दगड उघडा व्हावा, तसे ते दर्शन असते.

बंपरवरील चकाकी क्रोमची नसते. निर्वात पेटीत ॲल्युमिनियमची वाफ करून तिचा अतिसूक्ष्म थर लाखेच्या लेपावर बसविलेला असतो. तो झिजला असेल तर घरगुती ब्लीचमध्ये काही मिनिटांत साफ निघतो. नवा थर मात्र घरी बसविता येत नाही, त्यासाठी ते यंत्र असलेल्या कारागिराकडे भाग पाठवावे लागतात. खिडक्यांच्या चौकटीसारख्या बॉडीवरील चकचकीत पट्ट्यांना मात्र हातानेच काम करावे लागते. अतिशय पातळ, मागे चिकट असलेला धातूचा वर्ख पट्टीवर बसवून दातकोरणीने दाबतात आणि नव्या कोऱ्या पात्याने कडेने कापतात. गाडीच्या नावाच्या अक्षरांसाठी एक नामी युक्ती आहे. रंग देण्यापूर्वीच अक्षरांवर वर्ख चिकटवावा, वरून सर्व रंग द्यावा, आणि वाळल्यावर किंचित ओल्या फडक्याने उंचवट्यावरचा रंग तेवढा पुसून घ्यावा. अक्षरे धातूची होऊन वर येतात. खिडक्यांच्या काचा बसविताना टोल्युइनचा गोंद दूर ठेवावा. तो काच धुरकट करतो. लाकूडकामाचा पांढरा गोंद येथे पुरेसा होतो, आणि चुकल्यास पाण्याने निघतो.

टायरने खाल्लेला खळगा भरण्यासाठी बाजारची लांबी वापरली तर ती पुढे आकसून कडा दिसू लागतात. म्हणून अनुभवी लोक संचातील उरलेल्या दांड्याचे तुकडे गोंदाच्या द्रवात विरघळवून त्याच प्लास्टिकची लांबी तयार करतात. ती वाळण्यास आठवडेही लागू शकतात. थांबण्याची तयारी नसेल, त्याने या वाटेला जाऊ नये. पिवळी पडलेली चित्रपत्रके खिडकीच्या काचेला आतून चिकटवून कित्येक दिवस उन्हात ठेवली की पिवळेपणा उतरतो. ऊन फुकट असल्याने हा उपाय सर्वांना परवडतो.

हरवलेल्या भागांचा प्रश्न सर्वांत अडचणीचा. दुसऱ्या कोणाकडून मूळ भाग मिळाला तर उत्तमच. नाहीतर कोणाचा तरी भाग उसना घेऊन सिलिकोन रबरात त्याचा साचा करतात आणि पॉलियुरेथेन राळ ओतून नक्कल काढतात. राळ किंचित आकसते. नकलेची नक्कल, तिचीही नक्कल असे करीत गेले तर बंपर गाडीला अपुरा पडू लागतो, शिवाय प्रत्येक पिढीत अक्षरे अधिक बोथट होतात. या कारागिरीतून पूर्ण बॉड्याही निघतात, आणि त्या विकताना 'ही नक्कल आहे' असे सांगितले जातेच असे नाही. राळेची बॉडी जाड असते, आतून हाताला वेगळी लागते, आणि तिच्यावर साच्याच्या सरकत्या भागांच्या रेघा बहुधा घासून टाकलेल्या असतात. जी रेघ जोडणारा दोष मानतो, तीच संग्राहकाला अस्सलपणाची खूण ठरते.

आता त्या थंडरबर्डच्या बॉनेटकडे पुन्हा वळावे. लाल रंग गेल्यावर, बॉनेटच्या एका कोपऱ्यात एक लहान अंगठ्याचा ठसा स्पष्ट दिसतो. गोंदाने ओला झालेला तो अंगठा साठ वर्षांपूर्वी तेथे टेकला होता. याचे काय करावे, यावर जीर्णोद्धारकांत दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, की गाडी साच्यातून निघाली तशी करणे हेच काम. ठसा हा दोष आहे, तो घासून काढावा. दुसऱ्याचे म्हणणे असे, की ए. एम. टी.ने खोके मुलाच्या हाती दिले होते, संग्रहालयाच्या नव्हे. त्या वस्तूचा इतिहास म्हणजे त्या मुलाने तिचे जे केले तेच, आणि तो पुसला तर उरते ते केवळ १९६२ च्या कारखान्याचे अवशेष. मंदिरांच्या जीर्णोद्धारात हा वाद नवा नाही. जुना दगड घासून चकचकीत केला, की ते जीर्णोद्धाराऐवजी नूतनीकरण होते, आणि नूतनीकरणाला जुन्याची गरजच नसते.

पहिल्या पक्षाचे म्हणणे सर्वस्वी टाकाऊ नाही. राउंड २ या अमेरिकन कंपनीने, जिच्याकडे आता ए. एम. टी.चे नाव आहे, काही जुन्या गाड्यांचे मूळ साचे शिल्लक नसताना जपून राहिलेल्या नगांवरून मापे घेऊन नवे पोलादी साचे केले आहेत. अशा वेळी बॉडीवर ठसा असेल तर तो साच्यातही उतरण्याचा धोका असतो. मापे घेण्यासाठी बॉडी स्वच्छ आणि तिच्या मूळ रेघा शाबूत हव्यात. आणि तरीही येथे गंमत अशी, की वेष्टनात बंद असलेल्या गाडीची मापे घेता येत नाहीत. ज्याने खोके उघडले, त्याच्याच गाडीचा या कामी उपयोग होतो. अशी नवी आवृत्ती बाजारात आली की जुन्या बंद खोक्यांची किंमत काही काळ कोसळते. संग्राहक हळहळतात, जोडणारे दोन-दोन घेऊन ठेवतात.

व्यवहारात बहुतेक समंजस जीर्णोद्धारक मधला मार्ग घेतात. बाहेरून दिसणारा पृष्ठभाग दुरुस्त करतात. बॉनेटच्या आतल्या अंगाला, आसनांखाली आणि तळपट्टीवर मुलाने केलेले जे काही असेल, गोंदाचा ओघळ, पेन्सिलीने कोरलेली आद्याक्षरे, ते तसेच राहू देतात. मूळचे जे भाग काढावे लागले ते डबीत घालून गाडीबरोबर ठेवतात. आणि एक कागद लिहितात: गाडी कोठून आली, कोणत्या द्रव्याने रंग उतरवला, कोणता बंपर मूळचा आणि कोणता राळेचा, कोणत्या तारखेला. कागदाची घडी करून ती तळपट्टीच्या आत सरकवितात, आणि टायर काढून वेगळ्या पॉलिथिनच्या पिशवीत ठेवतात.